वजनदार चालकासाठी मोटरसायकलच्या सस्पेन्शनची जुळवणी: आधी टेप, मग पाना

कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या बहुतेक मोटरसायकलींच्या स्प्रिंगा ७०-७५ किलोंच्या आसपासचा चालक गृहीत धरून निवडलेल्या असतात. त्याच गाडीवर १००-११० किलोंचा माणूस बसला की गाडीचे मागचे अंग खाली बसते, हँडल हलके पण सैल वाटू लागते, वळणावर गाडी ठरवलेल्या रेषेच्या बाहेर जाऊ पाहते, हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो आणि जरा मोठा खड्डा आला की मागचा शॉकअप तळाला आपटतो. या तक्रारीवर गॅरेजमध्ये मिळणारे उत्तर ठरलेले असते, ते म्हणजे ‘प्रीलोड टाइट करून घ्या’. हे उत्तर अर्धेच बरोबर आहे आणि बाकीच्या अर्ध्यामुळे गोंधळ वाढतो. म्हणून पाना हातात घेण्यापूर्वी प्रीलोड, म्हणजे रिंग आवळून स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, नेमके काय करतो, हे समजून घेणे आवश्यक आहे.

प्रीलोडने स्प्रिंग कडक होत नाही

स्प्रिंगचा कडकपणा म्हणजे ती १ मिलिमीटर दाबण्यासाठी लागणारे बळ. ११० न्यूटन प्रति मिलिमीटर कडकपणाची सरळ स्प्रिंग घेतली, तर ती पहिला मिलिमीटर दबायला ११० न्यूटन घेते आणि विसावा मिलिमीटर दबायलाही आणखी ११० न्यूटनच घेते. प्रीलोडची रिंग फिरवल्याने हा आकडा बदलत नाही, कारण तो तारेची जाडी, वेटोळ्यांचा व्यास आणि वेटोळ्यांची संख्या यांवर ठरतो.

मग रिंग आवळल्यावर होते तरी काय? तुम्ही गाडीवर बसलेले असताना स्प्रिंगवर येणारे वजन रिंग फिरवण्यापूर्वी जेवढे होते तेवढेच नंतरही असते, त्यामुळे स्प्रिंग दबलेलीही तेवढीच राहते. फक्त तिचा टेकू सरकलेला असल्यामुळे गाडीचे मागचे अंग वर उचलले जाते. म्हणजे प्रीलोड हा गाडीची बसण्याची उंची ठरवणारा पेच आहे, कडकपणा ठरवणारा नव्हे. मात्र प्रीलोड फारच वाढवला तर रिकामी गाडी स्वतःच्या वजनाने मुळीच दबत नाही, शॉकअप पूर्ण लांबीला टेकून उभा राहतो आणि चाक खड्ड्यात उतरायला जागाच उरत नाही.

मी स्वतः हा उद्योग केलेला आहे. माझे वजन तेव्हा ११० किलोंच्या वर होते आणि रिंग शेवटच्या आट्यापर्यंत आवळल्यावर गाडी उंच, ताठ आणि रुबाबदार दिसू लागली. पहिल्या खडबडीत उतारावर ब्रेक लावताच मागचे चाक जमिनीवरून टुणटुण उडू लागले आणि मोठ्या खड्ड्यात शॉकअप पूर्वीसारखाच तळाला आपटला. एकाच गाडीत दोन्ही दोष आले, कारण नरम स्प्रिंग नरमच राहिली होती.

पाना घेण्यापूर्वीची तपासणी

सर्वांत आधी गाडीच्या पाटीवर किंवा मालकाच्या पुस्तिकेत दिलेली कमाल एकूण वजनाची (गाडी आणि भार मिळून) मर्यादा पाहावी. तिच्यातून गाडीचे भरल्या टाकीचे वजन वजा केले की चालक, मागे बसणारा, सामान आणि नंतर बसवलेल्या लोखंडी रॅकपर्यंत सर्वांसाठी मिळून किती किलो उरतात, ते कळते. सस्पेन्शन कितीही चांगले जुळवले तरी ही मर्यादा वाढत नाही, कारण ती चाके, चासी, ब्रेक आणि टायर यांचीही मर्यादा असते. टायरच्या बाजूला छापलेल्या भार-निर्देशांकालाही असाच ठोस अर्थ आहे: ५८ म्हणजे २३६ किलो आणि ७३ म्हणजे ३६५ किलो.

त्यानंतर टायरमधील हवा पुस्तिकेत जास्त भारासाठी दिलेल्या आकड्याप्रमाणे, टायर थंड असताना भरावी. कमी हवेचा टायर स्वतःच स्प्रिंगसारखा वागतो आणि पुढची सगळी चाचणी फसवी ठरते. फोर्कच्या (पुढच्या चाकाच्या सस्पेन्शनच्या) नळ्यांवर किंवा शॉकअपच्या दांड्यावर तेलाचा ओघळ आहे का, स्विंगआर्म (मागचे चाक धरणारी हलती भुजा) बाजूला हलवून पाहिल्यास खळखळ जाणवते का, स्टिअरिंगचे बेअरिंग मध्यभागी अडकते का, हेही पाहून घ्यावे. गळका किंवा दमलेला शॉकअप जुळवण्यात वेळ घालवू नये, कारण आतील तेल आणि गॅस गेलेला शॉकअप केवळ स्प्रिंगवर उसळत राहतो.

शेवटी एक वही घ्यावी. डॅम्पिंगचा (स्प्रिंगची हालचाल तेलाने आवरण्याच्या व्यवस्थेचा) प्रत्येक स्क्रू आधी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने हलक्या हाताने पूर्ण बंद करून किती ‘क्लिक’ बसल्या ते मोजावे, वहीत लिहावे आणि स्क्रू पुन्हा तेवढाच उघडावा. बंद करताना शेवटी जोर लावू नये, कारण आतील सुईचे टोक नाजूक असते आणि ते एकदा बसकटले की पुढची प्रत्येक मोजणी चुकते.

सॅग मोजणे

चाक पूर्ण मोकळे लटकत असताना आणि त्यावर भार असताना सस्पेन्शनच्या लांबीत जो फरक पडतो, त्याला सॅग म्हणतात. केवळ गाडीच्या वजनाने पडणारा तो फ्री सॅग आणि चालकही बसल्यावर पडणारा तो रायडर सॅग. एक मोजून दुसरा सोडून देणे ही सर्वांत मोठी चूक आहे, कारण स्प्रिंग तुमच्यासाठी योग्य आहे की नाही, हे दोन्ही आकडे शेजारी ठेवल्यावरच कळते.

या कामाला तीन माणसे असली तर उत्तम: एक बसणारा, एक गाडी सरळ धरणारा आणि एक टेप धरणारा. बसणाऱ्याने हेल्मेट, जाकीट, बूट, पाठीवरची पिशवी असे रोजचे सगळे अंगावर घ्यावे. टाकीतही रोज असते तेवढे पेट्रोल असावे.

मागच्या चाकासाठी एक्सलच्या मध्यबिंदूपासून सरळ वर, सीटखालच्या पॅनेलवर चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर पेनने फुली मारावी. गाडी मेन स्टँडवर घेऊन किंवा दोघांनी मिळून मागचे अंग उचलून चाक पूर्ण मोकळे करावे आणि एक्सल ते फुली हे अंतर मोजावे. हे पहिले माप. पॅडॉक स्टँड येथे चालत नाही, कारण तो स्विंगआर्मलाच टेकू देतो आणि चाक लटकतच नाही.

आता गाडी जमिनीवर सरळ उभी करून चालकाने नेहमीच्या पवित्र्यात बसावे आणि दोन्ही पाय फूटरेस्टवर ठेवावेत. मदतनिसाने मागचे अंग एकदा खाली दाबून अगदी सावकाश वर येऊ द्यावे आणि जेथे ते थांबेल तेथे माप घ्यावे. मग मागचे अंग वर उचलून तितक्याच सावकाश खाली सोडावे आणि पुन्हा माप घ्यावे. सील आणि बेअरिंग यांच्या घर्षणामुळे या दोन मापांत काही मिलिमीटरचा फरक पडतोच, म्हणून दोन्हींची सरासरी धरावी. पहिल्या मापातून ही सरासरी वजा केली की रायडर सॅग मिळतो. चालकाला उतरवून हीच कृती पुन्हा केली की फ्री सॅग मिळतो. दोन मापांतील फरक फार मोठा असला, तर सॅगच्या मागे लागण्यापूर्वी लिंकेजचे (स्विंगआर्म आणि शॉकअप यांना जोडणाऱ्या दुव्यांचे) बेअरिंग उघडून ग्रीस भरावे.

पुढच्या बाजूला डस्ट सीलच्या (धूळ अडवणाऱ्या रबरी कड्याच्या) कडेपासून वर, फोर्कच्या नळ्या धरणाऱ्या खालच्या क्लॅम्पपर्यंतचे अंतर याच रीतीने मोजावे. फोर्क उलट्या बांधणीचे, म्हणजे चकचकीत नळी खाली असलेले, असतील तर बाहेरच्या नळीची कडा आणि खालची एक्सलची पकड यांमधले चकचकीत नळीचे अंतर घ्यावे.

रस्त्यावरच्या गाडीसाठी रायडर सॅग चाकाच्या एकूण चालीच्या (चाक वर-खाली जाऊ शकते त्या अंतराच्या) २५ ते ३३ टक्के असावा. १२० ते १३० मिमी चालीच्या गाडीत तो साधारण ३० ते ४० मिमी येतो आणि मागचा फ्री सॅग ५ ते १५ मिमी असावा. सुमारे ३०० मिमी चालीच्या मोटोक्रॉस गाडीत मागचा रायडर सॅग १०० मिमीच्या आसपास ठेवतात. म्हणून टक्केवारी लक्षात ठेवावी, दुसऱ्याच्या गाडीचे मिलिमीटर नव्हे.

आकडे वाचायला शिकणे

एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून पाहू. मागच्या चाकाची चाल १३० मिमी, शॉकअपची चाल ५२ मिमी, म्हणजे तरफेचे सरासरी गुणोत्तर २.५. स्प्रिंग ११० न्यूटन प्रति मिमी. स्प्रिंगचा कडकपणा गुणोत्तराच्या वर्गाने भागला की चाकापाशी जाणवणारा कडकपणा मिळतो: ११० भागिले ६.२५, म्हणजे १७.६ न्यूटन प्रति मिमी.

चालकाच्या वजनाचा सुमारे ६५ टक्के वाटा मागच्या चाकावर जातो, असे धरू. साहित्यासह ७५ किलोंचा चालक मागच्या चाकावर साधारण ४७८ न्यूटन टाकतो आणि त्याच्यामुळे मागचे अंग २७ मिमी बसते. फ्री सॅग १२ मिमी असेल तर रायडर सॅग ३९ मिमी होतो, म्हणजे कारखान्याच्या हिशेबाप्रमाणे सर्व ठीक आहे. आता साहित्यासह ११५ किलोंचा चालक बसवा. तो ७३३ न्यूटन टाकतो, मागचे अंग जवळजवळ ४२ मिमी बसते आणि रायडर सॅग ५४ मिमी होतो. १३० पैकी ४१ टक्के चाल गाडी हलण्याआधीच संपली.

तो ३८ मिमीवर आणायचा तर चाकापाशी १६ मिमी, म्हणजे रिंगेपाशी ६.४ मिमी प्रीलोड वाढवावा लागेल. आट्यांमधले अंतर १.५ मिमी असेल तर ही चार फेऱ्यांपेक्षा थोडी जास्त आवळणी झाली. रायडर सॅग आता नेमका बसला. पण रिकामी गाडीही त्याच १६ मिमीने वर गेली, तिच्याजवळ मात्र १२ मिमीच शिल्लक होते. म्हणजे फ्री सॅग शून्य झाला आणि शॉकअप वरच्या टोकाला टेकला.

येथून जो नियम निघतो तो पहिल्यांदा ऐकताना उलटा वाटतो. रायडर सॅग योग्य जुळवल्यावर फ्री सॅग फार कमी किंवा शून्य उरत असेल, तर स्प्रिंग तुमच्यासाठी नरम आहे. फ्री सॅग फार जास्त उरत असेल, तर स्प्रिंग कडक आहे. नरम स्प्रिंगला तुमचे वजन पेलण्यासाठी इतका प्रीलोड द्यावा लागतो की गाडीचे एकटीचे वजन तिला हलवू शकत नाही, हे एवढे ध्यानात घेतले की नियमाचा उलटेपणा नाहीसा होतो. दोन्ही सॅग एकाच वेळी मर्यादेत बसले, तर नशीब चांगले समजावे आणि स्प्रिंग बदलू नये.

पाच पायऱ्यांच्या कॅमचे, दोन्ही बाजूंना एकेक असे जोडीचे शॉकअप असलेल्या गाडीत पद्धत हीच, फक्त दोन्ही बाजू एकाच पायरीवर ठेवायच्या. रिंग फिरवण्यापूर्वी आटे ब्रशने साफ करून त्यांवर तेल सोडावे, लॉक रिंग आधी सैल करावी आणि योग्य मापाचा हूक पाना वापरावा. छिन्नी-हातोडीने ठोकून ॲल्युमिनियमच्या खाचा मोडलेली रिंग पुढे कोणालाच फिरवता येत नाही.

स्प्रिंग निवडणे

वरच्या उदाहरणातील चालकाला ३८ मिमी रायडर सॅग आणि ५ ते १० मिमी फ्री सॅग हवा असेल, तर त्याच्या वजनाने गाडी २८ ते ३३ मिमीच बसली पाहिजे. ७३३ न्यूटनला या अंतराने भागून २.५ च्या वर्गाने गुणले की १३९ ते १६४ न्यूटन प्रति मिमी ही पट्टी मिळते. मी अशा वेळी पट्टीच्या खालच्या टोकाची स्प्रिंग घेतो, म्हणजे येथे १४० च्या आसपासची. वरच्या टोकाची स्प्रिंग कागदावर सुबक दिसते, पण लहान गतिरोधकांवर पाठीला ठोसे देते आणि मूळ शॉकअपचे डॅम्पिंग तिला आवरू शकत नाही. मागे नेहमीच कोणी बसत असेल किंवा बॅगा भरलेल्या असतील, तर मात्र वरच्या बाजूला सरकणे योग्य.

मागच्या चाकावर प्रत्यक्ष किती वजन जाते, हे अंदाजाने धरण्याऐवजी वजनकाट्यावरही मोजता येते. मागचे चाक काट्यावर आणि पुढचे तेवढ्याच उंचीच्या लाकडी फळीवर ठेवून चालकासह व चालकाविना अशी दोन मापे घ्यावीत. काट्याची क्षमता आधी पाहावी, घरगुती काटे या भाराला सहसा पुरत नाहीत. स्प्रिंगांवर आकडे किलो प्रति मिमीत छापलेले असतील तर ९.८१ ने गुणून न्यूटनमध्ये आणावेत. वेटोळी एका टोकाला दाट आणि दुसऱ्या टोकाला विरळ असलेल्या चढत्या कडकपणाच्या स्प्रिंगेला हा हिशेब तंतोतंत लागू पडत नाही, तेथे सॅगचा निकालच अंतिम मानावा.

शॉकअपवरून स्प्रिंग उतरवणे हे स्प्रिंग-कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरणारे साधन) नसलेल्याचे काम नव्हे. दाबलेली स्प्रिंग निसटली तर हाड मोडू शकते आणि गॅस भरलेला शॉकअप घरी उघडणे हा तर निव्वळ अविचार आहे. बटणाने प्रीलोड बदलणाऱ्या गाड्यांनाही हे सर्व लागू आहे. पडद्यावर एक हेल्मेट, दोन हेल्मेट आणि बॅग अशी चित्रे असली तरी आत स्प्रिंग एकच असते.

पुढचे फोर्क

वाढलेल्या वजनाचा थोडाच वाटा पुढे येतो. आपल्या उदाहरणात ४० किलोंपैकी १४ किलो, आणि फोर्कच्या दोन्ही पायांत (नळ्यांत) मिळून १८ न्यूटन प्रति मिमीच्या स्प्रिंगा असतील तर पुढचे अंग साधारण ७-८ मिमीच अधिक बसते. म्हणून पुढचा सॅग बरेचदा प्रीलोडवरच जुळून येतो आणि अनेकजण तेथेच थांबतात. मात्र फोर्कची खरी परीक्षा सॅगमध्ये नसून ब्रेकमध्ये असते. ब्रेक लावल्यावर पुढे सरकणारा भार एकूण वजन आणि गुरुत्वमध्याची उंची या दोन्हींवर अवलंबून असतो आणि वजनदार चालकामुळे दोन्ही वाढतात.

यासाठी फोर्कच्या नळीवर सीलला टेकवून एक प्लॅस्टिकची केबल-टाय सैलसर बांधावी आणि रिकाम्या, कोरड्या रस्त्यावर एकदा कचकन पण नियंत्रणात ब्रेक लावावा. टाय जेथे थांबेल तेथपर्यंत फोर्क दबले होते. पूर्ण चालीच्या टोकाला १०-१५ मिमी उरले तर उत्तम. काही फोर्कमध्ये शेवटचे काही मिलिमीटर तेलाच्या अडसरामुळे कधीच वापरले जात नाहीत, म्हणून खरे टोक कोठे आहे हे पुस्तिकेतून पाहून घ्यावे. सॅग योग्य असूनही टाय दरवेळी टोकाला जात असेल तर कडक स्प्रिंगा बसवाव्यात. सॅग आणि मधली चाल दोन्ही ठीक असून फक्त शेवटी आपटत असेल, तर त्याहून सोपा उपाय आहे. फोर्कच्या आत तेलावर कोंडलेली हवाही स्प्रिंगसारखी काम करते आणि तिची जागा कमी केली की चालीचा शेवटचा भाग अधिक कडक होतो. तेलाची पातळी स्प्रिंगा बाहेर काढून, फोर्क पूर्ण दाबून, नळीच्या वरच्या कडेपासून मोजतात. ती एका वेळी ५ मिमीनेच वर आणावी आणि दोन्ही पायांत तंतोतंत सारखी ठेवावी. तेल फार भरले तर हवेचा दाब सीलवर येतो आणि सील फुटतात.

फोर्कचे बूच उघडताना पुढचे चाक भारमुक्त असावे आणि आपला चेहरा बाजूला ठेवावा, कारण शेवटच्या आट्याला बूच उसळते. डॅम्पिंग वाढवण्यासाठी जाड तेल घालणार असाल तर डब्यावरच्या १० किंवा १५ या आकड्यांवर विसंबू नये. एकाच आकड्याची दोन कंपन्यांची तेले प्रत्यक्षात वेगवेगळ्या जाडीची असू शकतात, ४० अंश सेल्सियसला दिलेला सेंटिस्टोकचा (तेलाच्या जाडीच्या एककाचा) आकडा तेवढा तुलना करण्याजोगा असतो.

डॅम्पिंग

कडक स्प्रिंग दबली की परत येताना अधिक जोराने उसळते, म्हणून तिच्याबरोबर रिबाउंड (परत येण्याची गती आवरणारे डॅम्पिंग) वाढवावेच लागते. कॉम्प्रेशन (दबण्याची गती आवरणारे डॅम्पिंग) मात्र फार वाढवू नये. वजन पेलणे हे स्प्रिंगचे काम आहे, ते कॉम्प्रेशनच्या स्क्रूकडून करून घेतले तर गाडी खड्ड्यावर आपटते आणि तरीही संथ भाराखाली बसतेच.

जागेवरच्या चाचणीत सीट जोरात दाबून सोडावी. मागचे अंग वर येऊन एकदाच थांबले पाहिजे. वर जाऊन पुन्हा खाली येऊन हेलकावत राहिले तर रिबाउंड कमी आहे, मुंगीच्या पावलांनी वर येत असेल तर जास्त आहे. त्यानंतर दोन-तीन किलोमीटरचा एकच ओळखीचा रस्ता ठरवून घ्यावा, एका वेळी एकाच स्क्रूला दोन क्लिक फिरवावेत आणि दर फेरीनंतर वहीत लिहावे.

रिबाउंड जास्त झाल्याचे एक लक्षण वजनदार चालकाला हमखास चकवते. लागोपाठच्या खाचखळग्यांवर शॉकअपला परत लांब व्हायला वेळ मिळत नाही, तो प्रत्येक दणक्याला थोडा थोडा आखडत जातो आणि तिसऱ्या-चौथ्या दणक्याला तळ गाठतो. चालकाला वाटते स्प्रिंग नरम पडली, आणि तो आणखी प्रीलोड देतो. एकटा खड्डा नीट पचतो पण खड्ड्यांची रांग पचत नाही, असे दिसले तर आधी रिबाउंड दोन क्लिक सोडून पाहावा. स्क्रू पूर्ण बंद करूनही उसळी आवरत नसेल तर मूळ वॉल्व्हची मर्यादा संपली, आणि शॉकअप जाणकाराकडून आतून बदलून घ्यावा किंवा नवा घ्यावा.

जुळवणीनंतरची कामे

गाडीची उंची बदलली की तिच्यावर अवलंबून असलेल्या इतर गोष्टीही बदलतात. सर्वांत महत्त्वाची साखळी: पुढची स्प्रॉकेट, स्विंगआर्मची खीळ आणि मागचा एक्सल एका रेषेत येतात तेव्हा ती सर्वाधिक ताणलेली असते, म्हणून त्या स्थितीत तिला थोडी ढिलाई उरते आहे ना, हे तपासावे. हेडलाइटचा झोत चालक बसलेला असताना पुन्हा लावावा. मागचे अंग वर आल्यामुळे गाडी साइड स्टँडवर पूर्वीपेक्षा जास्त कलते, त्यामुळे मऊ जमिनीवर स्टँडखाली सपाट चकती ठेवणे बरे. मागच्या उंचीमुळे स्टिअरिंग चपळ झालेले असते. ते वेगात अस्थिर वाटू लागले तर पुढचे अंगही थोडे उचलावे, मागचे लगेच खाली करू नये.

नवी स्प्रिंग आणि नवे सील पहिल्या ५०० ते १,००० किलोमीटरमध्ये जागेवर बसतात आणि सॅगचा आकडा काही मिलिमीटर सरकतो. त्यानंतर त्याच फुलीपासून, त्याच बुटांत, तेवढ्याच पेट्रोलवर पुन्हा मोजावे. म्हणूनच पॅनेलवरची ती चिकटपट्टी एवढ्यात काढून टाकू नये.